वाऱ्यानं न पाडलेला मांडव

बासाविलबासो, २७ ऑक्टोबर

मिखाल,

आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो, म्हणजे हे पत्र कोण लिहितंय ते तुझ्या नीट ध्यानात राहील. आपल्या गावच्या सिनेगॉगमधलं तोरा हा धर्मग्रंथ ठेवायचं कपाट, अल्गारोबोच्या लाकडाचं. दोन्ही दारं एकाच फळीतून कापली, मिटली की लाकडाच्या रेषा जुळतात. तुझा पाळणा. रेल्वे क्लबच्या एकतीस खुर्च्या. त्यातल्या एकोणतीस अजून शाबूत आहेत, दोन लग्नांत नवरानवरीला खुर्चीसकट उचलून नाचताना मोडल्या, तो दोष माझा नाही. दवाखान्याचा जिना, सतरा पायऱ्या, एकही कुरकुरत नाही. म्हाताऱ्या पेरेल्मानची शवपेटी, आपल्या रिवाजाप्रमाणे धातूचा कणही न वापरता. आणि यंदा तुझ्या फॅकल्टीच्या अंगणासाठी सुक्कोतच्या सणाचा मांडव: चार खांब, बारा तुळया, अडतीस लाकडी खुंट्या, खिळा एकही नाही. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. सातवीनंतर मी शाळेच्या पायरीवर पाय ठेवला तो थेट त्या शाळेची बाकं दुरुस्त करायला.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज जात नाहीत. म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या पार्सलातून पाठवतोय. ब्युनोस आइरेसच्या रेतिरो स्थानकातल्या पार्सलखिडकीवर तुझ्या नावानं ठेवतील. कागद तुला घ्यावा लागेल, वाचायचा की नाही ते तू ठरव.

अठरा तारखेला सकाळी तुझा फोन आला की रात्री वाऱ्यानं मांडव पाडला, आणि फॅकल्टीच्या सचिवसाहेबांनी मोठ्या मनानं तो आतल्या गॅलरीत उभा करायला परवानगी दिली. तुझा आवाज मला तेव्हाच लाकडाला रंग फासल्यासारखा वाटला होता. एकवीसला मी आलो. बघतो तर काय, माझा मांडव काँक्रीटच्या छताखाली उभा! वर ट्यूबलाइट, बाजूला कॉफीचं यंत्र. मांडवाला अटी किती असतात गं? भिंती कापडाच्या चालतात, पत्र्याच्या चालतात. छत मात्र कापलेल्या फांद्यांचं हवं आणि त्यातून आभाळ दिसायला हवं. चाळीस वर्षं आपले पूर्वज वाळवंटात उघड्यावर राहिले त्याची ती आठवण आहे. छताखालचा मांडव हा मांडवच नव्हे. त्यात बसून खाल्लेला घास हा कॅन्टीनमध्ये खाल्लेला घास. हे तुला सहाव्या वर्षापासून माहीत आहे, आणि तरी ज्यू विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून त्या गॅलरीच्या कागदावर सही तुझी!

तेव्हा मी तुझ्या मैत्रिणींसमोर दोनतीन गोष्टी बोललो. त्या इथे पुन्हा लिहायची गरज नाही.

त्या दिवशी दारावरच्या एउसेबिओला मी वाऱ्याबद्दल विचारलं. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाला, “डॉन फाबिआन, मी इथं एकवीस वर्षं काढली. त्या विद्यार्थी संघटनेचा तीन मीटर उंच कागदी पुतळा अंगणात महिनाभर उभा आहे. त्याची टोपीसुद्धा हलली नाही. आता मला आणखी काही विचारू नका.” मी आणखी एक काम केलं. हवामान खात्याची नोंद काढली. सतरा तारखेच्या संध्याकाळपासून अठराच्या पहाटेपर्यंत वारा ताशी सात ते नऊ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात तुझ्या आजीचे धुतलेले पडदे वाळत नसत.

म्हणजे कोणीतरी पाडला. कोणाच्या मनात होतं तेही मला ठाऊक आहे, कारण पंधराला मी खुंट्या ठोकत होतो तेव्हा ती चष्मेवाली मुलगी तुला विचारून गेली होती की तुमचा गट युद्धाबद्दल निवेदन कधी काढणार. माझ्या कानावर पडलं. तू त्याच मुलीबरोबर त्या युद्धाविरुद्ध मोर्च्यात चालली होतीस, जूनमध्ये, हातात स्वतः रंगवलेला फलक घेऊन. आपलं त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणही झालं होतं. तुझं मत तिला पाठ होतं. तरी विचारलं. लेबनानी मुलांनी खाद्यजत्रा भरवली तेव्हा त्यांना कोणी निवेदन मागितलं? इटालियनांना? नाही. त्यांनी टेबल मांडलं आणि विकायला सुरुवात केली. बारा हजार किलोमीटरवर काय चाललंय याचा जाब दिल्याशिवाय अंगणात चार खांब रोवता येत नाहीत, असे विद्यार्थी त्या अख्ख्या फॅकल्टीत चौदाच. आणि ते चौदा कोण, हे त्यांना यादी न बघता माहीत आहे.

बावीसला मी रेक्टरच्या कचेरीत लेखी तक्रार दिली: अज्ञात इसमांनी मांडव मोडला आणि फॅकल्टीनं ते झाकलं. अर्जावर ‘शिक्षण’ असा रकाना होता. मी ‘सातवी’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. साक्षीदाराचा रकाना रिकामा आहे. तो तुझा आहे.

पापा


बासाविलबासो, ३ नोव्हेंबर

मिखाल,

काल ट्रकनं मांडवाचं सामान आलं. मी कारखान्यात जमिनीवर सगळं क्रमांकाप्रमाणे लावलं, कुठे काय फुटलंय ते तक्रारीला जोडायला. कागद, पट्टी, भिंग घेऊन बसलो.

काहीही फुटलेलं नाही.

एक ओरखडा नाही. एका तुळईचा कोपरा दबलेला नाही. छतावरचे पाम आणि बांबू सोडले तर सगळं मी दिलं तसं परत आलं. उभा मांडव कोणी ढकलून पाडला तर आधी खांबांचे पाय चिरतात, मग वरचे सांधे फाटतात. लाकूड खोटं बोलत नाही. खरं तर हे मला गॅलरीतच दिसायला हवं होतं. मोडलेला मांडव दुसऱ्या दिवशी सकाळी जसाच्या तसा उभा राहतो कसा? बत्तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडू नये? मी छताकडे बघत होतो आणि ओरडत होतो. खुंट्यांकडे बघितलंच नाही.

आज बघितल्या. माझ्या खुंट्या एका टोकाला निमुळत्या असतात. जाड बाजूनं ठोकून बसवायच्या, निमुळत्या बाजूनं ठोकून काढायच्या. घाईत उलट ठोकलं तर सांधा जागच्या जागी फाटतो. अडतीसच्या अडतीस बरोबर बाजूनं काढल्यात, आणि हातोड्याला कापड गुंडाळून, कारण कशावरही वळ नाही. उतरवण्याचा क्रम चुकला तर कोपऱ्यातली चौदा नंबरची तुळई अडकते आणि ओढावी लागते. ती ओढलेली नाही. हा क्रम माहीत असलेली माणसं जगात दोन आहेत. त्यातला एक त्या रात्री इथे झोपला होता.

मिखाल, मांडव तू उतरवलास.

आणि उतरवलास तो सणाच्या पहिल्याच दिवशी, जेव्हा आपण हातोड्याला हात लावत नाही. म्हणजे कारण काहीतरी मोठं असणार. मी सकाळपासून ते कारण शोधतोय. तू मला त्रास द्यायला केलं नसणार, एवढं मला कळतं. तुला वाटतं तेवढा मी मूर्ख नाही.

तक्रारीत मी लिहिलंय की मांडव मोडला. ते खरं नाही. मी खोट्या कागदाखाली सही केली, आयुष्यात पहिल्यांदा. मला खरं काय ते सांग. मला वाचवायला नको आणि त्यांना वाचवायलाही नको. कागद दुरुस्त करायला सांग.

पापा


बासाविलबासो, १२ नोव्हेंबर

मिखाल, माझ्या मुली,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी ती कारखान्यात उभ्यानं वाचली, मग घरी आलो आणि पुन्हा बसून वाचली.

तू लिहिलंयस ते मी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकलं तर सांग, कारण हेच मला अर्जात लिहायचंय. सतराला संध्याकाळी पाचच्या सुमारास तुम्ही मांडवात बसला होता, सातजण, बटाट्याचे क्निश खात. कापडाच्या फटीतून कोणीतरी कागद सारला. त्यावर आपला सहा टोकांचा तारा काढलेला आणि खाली: ‘हा गोठा आज रात्री जळेल. आतच बसून राहा.’ तू त्याचा फोटो काढलास. कागद घेऊन सहा वाजता सचिव आर्रियागांच्या खोलीत गेलीस. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खणात ठेवला. पोलिसांना बोलावलं नाही. रात्रीचा पहारेकरी वाढवायला पैसे नाहीत म्हणाले. आठवडाभरात विद्यार्थी संघटनेची निवडणूक आहे, या वेळी वातावरण तापवू नये म्हणाले. मग हे, तू अवतरणात लिहिलंयस: “हे बघ मुली, आत्ता हा नुसता कागद आहे. मांडव उतरवलात तर कागदच राहील. वारा आला म्हणा, कुणाचं नाव घ्यावं लागणार नाही. मी तुम्हाला आत जागा देतो.”

आणि तुम्ही तिघींनी, तू, दाफ्ने आणि ब्रेंडानं, अंधार पडायच्या आत चाळीस मिनिटांत मांडव उतरवला. लाकडाला इजा होऊ नये म्हणून तू तुझा स्वेटर हातोड्याला गुंडाळलास.

तुझ्या पत्रातल्या एका जागी मी अडकलो. तू लिहितेस की ज्याला पावसाचा, गांधीलमाश्यांचा किंवा चोरांचा त्रास आहे त्याच्यावर मांडवात बसायची सक्ती नाही, हा आपलाच नियम आहे, आणि तो मीच तुला शिकवला, कोंकोर्दियाला पाऊस लागला होता तेव्हा, आणि त्याच नियमानं तू सही केलीस. नियम खरा आहे. मीच शिकवला. पण तो नियम करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाऊस होता, माश्या होत्या, रस्त्यावरचा दरोडेखोर होता. पहिल्या मजल्यावर पंख्याखाली बसून जाळण्याची धमकी खणात ठेवणारा आणि वर ‘आत जागा देतो’ म्हणणारा पगारी माणूस त्यांना सुचला नव्हता.

मला काय झोंबतंय ते सांगू? तो मांडव कोणी जाळला असता तर मी रडलो असतो, शिव्या घातल्या असत्या, आणि दुसरा बांधला असता. पण त्यांना काडीसुद्धा ओढावी लागली नाही. एक ओळ लिहिली, झालं. आपणच उतरवला, आपणच वाऱ्यावर ढकललं, आपणच छताखाली नेऊन ठेवला, वर आभार मानले. मग बापलेक एकमेकांवर ओरडलो आणि त्या चौदांतल्या सहांनी, तू लिहितेस, गटातून नावं काढून घेतली. एका ओळीत एवढं काम! आणि ती ओळ लिहिणारा आज वर्गात तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझ्याकडे पेन्सिल मागत असेल, आणि तुला ते कधी कळणार नाही. तुला रोज प्रत्येकाकडे बघून मनात मोजावं लागतं. हे आर्रियागांनी तुला दिलं. गॅलरीतली जागा नव्हे, हे.

एक गोष्ट राहिली. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दोनतीन गोष्टी बोललो, पुन्हा लिहायची गरज नाही. गरज आहे. मी म्हणालो होतो, “तू सही करायला शिकलीस, ताठ उभं राहायला नाही. तुझ्या आजीनं हे बघितलं असतं तर तोंड फिरवलं असतं.” तुझ्या आजीनं शहात्तर साली लष्कर सत्तेवर आल्यावर, माणसं रात्री घरातून उचलून नेत तेव्हा, दोन वर्षं दाराला आतून टेबल लावून झोपून काढली. ती तोंड फिरवणार नव्हती. तिनं तुझ्या पत्राचं प्रत्येक अक्षर ओळखलं असतं. मला हे माहीत होतं आणि तरी बोललो, कारण तुझ्या मैत्रिणी ऐकत होत्या आणि माझा मांडव ट्यूबलाइटखाली उभा होता. माझं चुकलं. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलेलं नाही, एकदाच लिहिलंय, तूच बघ.

तू शेवटी लिहितेस की साक्ष देणार नाही. मार्चमध्ये तुझा शेवटचा प्रकल्प आहे, परीक्षक मंडळ आर्रियागा नेमतात, सहा वर्षं पाण्यात घालायची का. मी उत्तर देत नाही. वास्तुकला तू शिकलीस, मी नाही. मी फक्त माझा कागद दुरुस्त करतो. त्यात ‘मोडला’ काढून ‘धमकी मिळाल्यावर आणि सचिवांच्या सांगण्यावरून उतरवला’ असं लिहितो. तुझं नाव घालत नाही. साक्षीदाराचा रकाना रिकामा जाईल.

पापा


बासाविलबासो, ३० नोव्हेंबर

मिखाल,

तुझं पाकीट काल संध्याकाळच्या बसनं आलं. तुझं निवेदन, सहीचं, तारखेचं, वेळेसकट. त्या कागदाच्या फोटोची प्रत. दाफ्नेची आणि ब्रेंडाची सही. आणि खाली एउसेबिओची, की सतराला संध्याकाळी त्यानं तुम्हाला मांडव उतरवताना पाहिलं आणि वारा नव्हता. त्याला तुम्ही कसं तयार केलंत ते विचारत नाही. दारवान आहे, दोन वर्षांनी निवृत्ती, आणि सही करतो. आर्रियागांकडे पदव्या किती आहेत ते त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय, मी मोजल्यात: तीन.

आता हे वाच आणि तारखांकडे नीट लक्ष दे, कारण मला माझ्याबद्दल गैरसमज नकोय.

दुरुस्त अर्ज मी पंधराला दिला. एकोणीसला आर्रियागांचा फोन, अगदी गोड आवाजात. मला ‘माएस्त्रो’ म्हणाले, गुरूला म्हणतात तसं. आयुष्यात कुठल्याही विद्यापीठातल्या माणसानं मला या शब्दानं हाक मारली नव्हती. बाविसाव्या वर्षी मी हा शब्द ऐकला असता तर कदाचित रडलो असतो. म्हणाले, मांडवाचे सांधे मी हात लावून बघितले, असं काम आता कोणी करत नाही, आपल्या मुलांना हे दिसायला हवं, एकदा येऊन भेटा. मी सव्वीसला ब्युनोस आइरेसला आलो होतो ते त्यासाठी. तुला कळवलं नाही. तू तेव्हा माझ्याशी बोलत नव्हतीस आणि मला ते तोडून आत यायचं नव्हतं.

त्यांनी मला नवीन वाचनालय दाखवलं. दोन मजले, उत्तरेचा उजेड, चांगली जमीन. रिकामं. मला टेबलांचे आराखडे दाखवले. खोटं सांगत नाही, आराखडे बरे होते, पाय थोडे बारीक होते, ते मी तिथल्या तिथे पेन्सिलीनं सुधारले. माझा हात आपोआप गेला. मग ते म्हणाले की काम मला द्यायचं ठरलंय, फक्त एक अडचण आहे: ज्याची आमच्याविरुद्ध तक्रार चालू आहे त्याला काम देता येत नाही, नियम आहे, त्यांचा नव्हे, वरचा. मागे घेतलीत की दुसऱ्या दिवशी करार. आणि पुढच्या सुक्कोतला मांडवासाठी गॅलरीतली जागा कायमची तुमची, पाटीसकट.

मी विचारलं, अंगणातली का नाही? ते म्हणाले, “माएस्त्रो, बाहेर आम्ही तुमची जबाबदारी घेऊ शकत नाही.”

मिखाल, हे वाक्य बोलताना ते ओशाळलेसुद्धा नाहीत. पुतळ्याची जबाबदारी घेतात. खाद्यजत्रेची, निवडणुकीच्या भोंग्याची, गांजा ओढत गिटार वाजवणाऱ्यांची घेतात. चौदा मुलांची, आता आठ, नाही. मी त्यांना म्हणालो की मी सुतार आहे, जबाबदारी घेता येत नाही अशा जागी मी खुर्चीही ठेवत नाही, आणि मांडव अंगणात उभा राहील किंवा तुमच्या वाचनालयात माझं एकही टेबल उभं राहणार नाही. मग मी पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि खाली उतरलो. एउसेबिओनं दार उघडलं.

हे सव्वीसला दुपारी झालं. तुझ्या निवेदनावर तारीख सत्तावीस आहे. म्हणजे मी नाही म्हणालो तेव्हा तू हो म्हणशील हे मला माहीत नव्हतं, आणि तू सही केलीस तेव्हा मी काय केलं हे तुला माहीत नव्हतं. कोणी कोणासाठी केलं नाही. हे मला बरं वाटतंय, का ते नीट सांगता येत नाही.

मार्चमध्ये ते तुला छळतील. मंडळावर बाहेरचा परीक्षक मागायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, कलम शोधून, सोबत जोडलाय. वाच, चूक असेल तर खोड. आठजणांना सांग की बांबू मी पाठवीन, पण कापायला त्यांनी इथे यावं. जेवण माझ्याकडे.

आणि त्यांच्यातलं कोणी तुला म्हणालं की तुझ्या बापानं तक्रार पैशासाठी केली, तर तुझ्या हाताशी आकडा असावा. मी नाकारलेलं काम असं: वाचनालयाची टेबलं, नग बेचाळीस, अल्गारोबोचं लाकूड, लाकूड त्यांचं, मजुरी माझी, निम्मी रक्कम करारावर, निम्मी टेबलं बसवल्यावर, प्रत्येकी साडेचार लाख. एकूण एक कोटी एकोणनव्वद लाख पेसो.

पापा